नाथसागराच्या काठानं: मराठवाड्यात नव्यानं सायकल चालवणाऱ्यांसाठी

मराठवाड्याला समुद्र नाही, पण किनारा आहे. पैठणला गोदावरी अडवली आणि जायकवाडी धरणामागं नाथसागर साठला. लांबी साधारण ५५ किलोमीटर, रुंदी जिथं सगळ्यात जास्त तिथं २७. चांगल्या पावसाच्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास काठावर उभं राहिलं तर पलीकडचं काही दिसत नाही. वाऱ्यानं लाटा येतात, आणि कोकण न पाहिलेल्या पोराला समुद्र म्हणून खुशाल खपवावं असं ते दृश्य असतं.

फक्त हा किनारा एका जागी राहत नाही. ऑक्टोबरात ज्या बांधाला पाणी टेकलेलं असतं, तिथं मार्च-एप्रिलात गाळपेऱ्याची पिकं उभी असतात आणि पाणी पार आत सरकलेलं असतं. मी पहिल्यांदा सायकलीवर पाणी बघायला गेलो तो मे महिन्यात. मोबाईलचा नकाशा चाकाखाली निळा रंग दाखवत होता. समोर भेगाळलेली जमीन, दोन म्हशी आणि लांबवर चकाकणारी एक रेघ. तिथून उन्हात घरी परत यायचं होतं. त्या दिवशी जे माहीत नव्हतं ते इथं क्रमानं सांगतो. सुरुवात छत्रपती संभाजीनगरहून धरली आहे. इथून पुढं नुसतं ‘शहर’ म्हणेन.

आधी सायकल

महागडी रोड बाईक असलीच पाहिजे असं काही नाही. गिअरची साधी हायब्रीड, म्हणजे सरळ हँडलची, रोड बाईकपेक्षा जाड टायरची सायकल, पहिल्या वर्षाला भरपूर झाली. बघायचं ते टायर. अगदी बारीक, २३ मिलीमीटरचे टायर आपल्याकडच्या रस्त्यांना सोसत नाहीत. २८ घ्या, ३२ बसत असतील तर त्याहून बरे. हवा टायरवर लिहिलेल्या कमाल आकड्यापर्यंत ठासून भरू नका. थोडी कमी ठेवली की खडबडीत डांबरावर मनगटं आणि कंबर दोन्ही वाचतात.

पंक्चर होणारच. बाभळीचे काटे आणि सराटे हे इथले खरे टोलनाके आहेत. सावली बघून बाभळीखाली सायकल टेकवली की समजायचं, पावती फाडली. सोबत दोन ट्यूब, टायर काढायचे लिव्हर, हातपंप आणि अ‍ॅलन कीचा जुडगा हवा. आणखी एक बारकी वस्तू आहे, ती कुणी आधी सांगत नाही. रोड बाईकच्या ट्यूबला बहुतेक वेळा प्रेस्टा नावाचा बारीक व्हॉल्व्ह असतो, आणि गावातल्या पंक्चरवाल्याच्या पंपाचं तोंड त्याला बसत नाही. थोड्या रुपयांत मिळणारं पितळी अ‍ॅडॉप्टर व्हॉल्व्हवर फिरवून ठेवलं की कुठल्याही टपरीवर हवा भरता येते. ढोरकीनच्या अलीकडं माझा हातपंप मोडला तेव्हा हे माझ्याजवळ नव्हतं. पंक्चरवाला भला माणूस, त्यानं तीन नळ्या लावून पाहिल्या. शेवटी सायकल दुधाच्या टेम्पोत चढली.

पंक्चर रस्त्यात काढायची वेळ येण्याआधी घरी, अंगणात, दोनदा काढून बघा. मागचं चाक काढून परत बसवता आलं की निम्मी भीती जाते. हेल्मेट आणि मागचा लाल लुकलुकणारा दिवा याबद्दल चर्चा नको. दिवा दिवसाउजेडीही चालू ठेवायचा.

हंगाम, वारा आणि पाणी

सायकलीसाठी आपला हंगाम ऑक्टोबर ते फेब्रुवारी. मार्चपासून दहाच्या आत घरी पोचता येईल एवढंच अंतर घ्यावं, आणि एप्रिल-मेमध्ये मी तर साडेआठलाच पाय जमिनीला लावतो. पावसाळ्यात हवा छान असते, पण आडरस्त्यावर काळी माती टायर आणि फोर्कच्या (चाक धरणाऱ्या दांड्यांच्या) मधे अशी काही बसते की चाक फिरायचं थांबतं. काडीनं खरवडत बसावं लागतं. पावसाळ्यात मुख्य डांबरी रस्ता सोडू नका.

वाऱ्याचं गणित मात्र पाठ करा. जून ते सप्टेंबर वारा पश्चिम-नैर्ऋत्येकडून जोरात येतो. हिवाळ्यात तो बहुतेक वेळा पूर्व-ईशान्येकडून असतो, पहाटे जवळपास नसतो आणि ऊन चढलं की उठतो. दौलताबाद शहराच्या वायव्येला आहे, पैठण दक्षिणेला. डिसेंबरात पैठणला जाताना वारा पाठीवर मिळतो, म्हणजे येताना तोंडावर. यात चढाची भर पडते, ती पुढं सांगतोच.

पाण्याचा माझा हिशोब असा: थंडीत तासाला अर्धा लिटर, उन्हात पाऊण. एका बाटलीत साधं पाणी, दुसरीत लिंबू, मीठ, साखर. ओआरएसची दोन पाकिटं खिशात. तहान लागायची वाट न बघता दर पंधरा मिनिटांनी दोन घोट. पहिली बाटली संपली की पुढच्या पहिल्याच हॉटेलात भरून घ्या. पुढं मिळेल म्हणून ढकललेलं पाणी नेमकं पुढं मिळत नाही.

पहिले तीन-चार रविवार: देवगिरी

लगेच पैठणला पळू नका. आधी दौलताबादपर्यंत जाऊन परत या. एका बाजूनं साधारण पंधरा किलोमीटर. छावणीतून निघालं की पडेगाव, मिटमिटा, शरणापूर फाटा आणि मग एकदम समोर देवगिरी. उजेड फुटताना बघितलेला तो एकटा उभा डोंगर आणि त्याच्या पायथ्याचा चांद मिनार यासाठी अलार्म लावायला हरकत नाही. यादवांची ही राजधानी. पुढं १३२७ मध्ये मुहंमद तुघलकानं दिल्लीहून राजधानी इथं आणायचा घाट घातला.

रस्ता किल्ल्याच्या बाहेरच्या तटबंदीतून, जुन्या दरवाजातून जातो. तिथं एका वेळी एकच मोठी गाडी मावते आणि सुटीच्या दिवशी कोंडी होते. नवशिके इथं गाड्यांच्या बाजूनं घुसायला बघतात. तसं करू नका. दरवाजाच्या अलीकडं उतरा, सायकल हातात धरा आणि चालत पार करा.

किल्ला चढायचा असेल तर तो वेगळ्या दिवशी. किल्ल्यातल्या अंधारीतल्या, म्हणजे काळोख्या भुयारी वाटेतल्या, पायऱ्या चढून आलेल्या मांड्यांनी परत पेडल मारणं किती जड जातं ते मी अनुभवलंय. क्लीटचे (पेडलला अडकणारे) बूट घालून तर त्या पायऱ्यांकडं फिरकूही नका. पायथ्याला चहा घ्या, सीताफळांचे दिवस असतील तर रस्त्याकडेच्या पाट्यांतून दोन-चार विकत घ्या आणि माघारी फिरा. टपरीवर बहुतेक हाच संवाद होतो:

“कुठून आले भाऊ?”

“शहरातून.”

“सायकलीवर? कामून, गाडी बिघडली का?”

मग घाट: खुलताबाद आणि वेरूळ

तीस किलोमीटर न थकता झाले की घाट. शहर साधारण ५७० मीटर उंचीवर आहे आणि खुलताबाद आठशेच्या वर. दौलताबाद सोडलं की हा फरक थोडक्या अंतरात अंगावर येतो. सगळ्यात हलका गिअर चढ सुरू होण्याआधी लावा. चढात ताण असताना बदलायला गेलं की चेन कुरकुरते, कधी उतरतेच. बसूनच चढा. श्वास एवढाच लागावा की शेजारच्याशी तुटक का होईना बोलता येईल. थांबावंसं वाटलं तर वळणावर न थांबता सरळ पट्ट्यात, डांबराच्या खाली उतरून थांबा. चढात थांबण्यात कमीपणा कसला, माझे तर पहिल्या खेपेला तीन थांबे झाले.

वर खुलताबादला भद्रा मारुती आणि औरंगजेबाची साधी, वरून उघडी कबर या दोन्ही जागा थोड्या अंतरात आहेत. शनिवारी, विशेषतः श्रावणात, आणि हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री शहरातून भद्रा मारुतीला पायी जाणाऱ्यांनी हा रस्ता भरून जातो. त्या दिवशी सायकल काढायची असेल तर पैठणकडं काढा.

खुलताबादहून वेरूळ खाली उतारावर, पाच-सहा किलोमीटर. शहरापासून धरलं तर तीसेक. ३४ लेण्यांपैकी कैलास तरी बघितल्याशिवाय परत येववत नाही. मंगळवारी लेणी बंद असतात हे लक्षात ठेवा. घृष्णेश्वर जवळच आहे, आणि भोसले घराण्याचं मूळ गावही हेच. उतारावर पुढचा ब्रेक एकदम करकचून दाबू नका. दोन्ही ब्रेक थोडे-थोडे, सोडून-धरून. येताना हाच उतार चढ होतो हे वेरूळात पोटभर जेवणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं.

माळीवाड्याजवळ समृद्धी महामार्गाचा फाटा लागतो. त्याचं गुळगुळीत काँक्रीट बघून मोह होतो, पण तिथं सायकलला बंदी आहे.

पैठण: खरा किनारा

आता मुख्य गोष्ट. शहर ते पैठण साधारण पन्नास किलोमीटर. रेल्वे स्टेशनकडून निघालं की कांचनवाडी, नक्षत्रवाडी, मग चितेगाव, बिडकीन, ढोरकीन, पिंपळवाडी आणि पैठण. या रस्त्याचं गेली काही वर्षं रुंदीकरण चाललेलं आहे. कुठं नवा कोरा पट्टा, कुठं अचानक खडी आणि वळण. अंधारात या रस्त्यानं जाऊ नका. उजाडलं की निघा. चितेगाव-बिडकीन पट्ट्यात कारखान्यांचे ट्रक आणि शिफ्टच्या बस असतात. ऊसतोडणीच्या दिवसांत दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर लागतात. हे ट्रॅक्टर हळू जातात म्हणून त्यांच्या मागं लागून वारा वाचवावा असं वाटेल. वाटू द्या, करू नका. ट्रॉलीतून ऊस पडतो आणि मागची ट्रॉली डोलते. ओलांडायचं तर रस्ता लांबवर मोकळा दिसल्यावर, मधे बरीच जागा ठेवून.

जाताना हा रस्ता लबाडी करतो. शहर ५७० मीटरवर, पैठण ४६० च्या आसपास. पन्नास किलोमीटरमधे शंभरेक मीटर उतार म्हणजे डोळ्यांना सपाटच. पण पाय हलके होतात, वेग वाढतो, आणि नवखा माणूस बिडकीनला पोचेपर्यंत स्वतःवर खूश झालेला असतो. त्यात डिसेंबरचा वारा पाठीवर. मग पैठणला भजी खाऊन दुपारी बाराला उलटं वळलं की तोच उतार चढ झालेला, तोच वारा छातीवर आलेला, आणि ऊन डोक्यावर.

हा चढ डोळ्यांनी बघायचा असेल तर रस्त्याकडेच्या मोठाल्या जलवाहिन्यांकडं बघा. शहराच्या नळाला येणारं पाणी नाथसागरातून उचलून याच बाजूनं, ढोरकीन, फारोळा करत, पंपांनी रेटत नक्षत्रवाडीच्या टेकडीपर्यंत चढवलं जातं. पाण्याला जिथं पंप लागतात तिथं आपल्या मांड्यांना काय लागेल याचा अंदाज करा.

म्हणून माझा सल्ला: पहिल्या खेपेला पैठण एकाच बाजूनं करा. सकाळी सायकलीवर जा, दिवसभर गाव बघा, आणि परतीला कुणाची तरी गाडी किंवा चार-पाच जणांत मिळून छोटा हत्ती ठरवा. दुसऱ्या खेपेला पैठणला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी पहाटे परत या. एका दिवसात शंभर किलोमीटर तिसऱ्या खेपेला. तेव्हाही नऊ-साडेनऊच्या आत पैठण सोडायचं.

पाणी कुठून बघायचं? धरणाची भिंत मातीची आणि जवळपास दहा किलोमीटर लांब आहे. तिच्यावरून सायकल न्यावी असं प्रत्येकाला वाटतं. तो संरक्षित भाग आहे, पहारेकरी अडवतो, आणि त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झालं. जायकवाडी हे गाव मात्र इथलं नव्हेच. धरण आधी बीड जिल्ह्यातल्या जायकवाडीजवळ व्हायचं होतं. जागा बदलली, नाव तेच राहिलं.

काठाकडं उतरणारे फाटे पैठणच्या आधी आणि आसपासच्या गावांतून आहेत. फाट्यावरच्या हॉटेलात “पाणी कुठपर्यंत आलंय?” एवढं विचारा. नकाशापेक्षा हे उत्तर खरं असतं. धरण पूर्ण भरलं की पातळी १५२२ फूट. वर्तमानपत्रांत रोज टक्केवारी येते, ती ऐंशीच्या वर असेल तर किनारा बघायला जावं. शेवटचा अर्धा-एक किलोमीटर कच्चा असतो. तिथं सायकल हातात घ्या. मुरमाच्या वाटेवर सराटे कसे पसरलेले असतात ते सांगून झालंय.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी इथं पाहुण्या पक्ष्यांचे थवे उतरतात: चक्रवाक, पट्टकादंब, कांड्या करकोचे, कधी रोहित (फ्लेमिंगो). नाथसागर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. भडक पिवळी जर्सी घालून थेट पाण्यापर्यंत गेलात की सगळा थवा उठून लांब जाऊन बसतो आणि दुर्बीण घेऊन पहाटेपासून बसलेला माणूस तुमच्याकडं ज्या नजरेनं बघतो ती विसरता येत नाही. लांबच थांबा.

गावात आल्यावर सायकल चालवायची घाई सोडा. हे सातवाहनांचं प्रतिष्ठान. गल्ल्या अरुंद, चढउताराच्या, जुन्या वाड्यांच्या. गावात संत एकनाथांचा, म्हणजे नाथांचा वाडा, नदीकाठी समाधी मंदिर, रेड्याकडून वेद बोलवून घेतल्याची कथा ज्या जागेशी जोडलेली आहे तो नागघाट, आणि कोरीव तीर्थखांब. हातमागावर पैठणी विणताना बघायची असेल तर विचारत जा, लोक दाखवतात. इथं नदीला कुणी गोदावरी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. कावडीतलं गंगेचं पाणी नाथांनी तहानलेल्या गाढवाला पाजल्याची गोष्ट आपण शाळेपासून ऐकलेली असते. दोन्ही बाटल्या रिकाम्या झालेल्या अवस्थेत पैठणात शिरलं की त्या गाढवाबद्दल वेगळीच आपुलकी वाटते. नाथ लहान वयात इथून देवगिरीला जनार्दनस्वामींकडं गेले. म्हणजे आपले हे दोन्ही रस्ते जोडून होतात तेवढं अंतर. सायकलसुद्धा नव्हती.

फाल्गुन वद्य षष्ठीच्या, म्हणजे नाथषष्ठीच्या आसपास दिंड्यांनी रस्ते भरलेले असतात. तेव्हा जायचंच असेल तर घंटी वाजवत वाट मागू नका. दिंडीच्या मागं सावकाश चला, किंवा उतरून चार पावलं सोबत चाला.

पैठणहून पुढं आपेगाव

मुक्काम केलात तर दुसऱ्या सकाळचा हा छोटा तुकडा चुकवू नका. गोदावरीच्या उत्तर काठानं पूर्वेला बारा-पंधरा किलोमीटरवर ज्ञानेश्वरांचं जन्मगाव मानलं जाणारं आपेगाव. धरणाच्या खालचा प्रदेश असल्यानं ऊस, मोसंबी, केळी, आणि सकाळी ओलसर गारवा. रहदारी कमी, म्हणून कुत्री जास्त. कुत्रं मागं लागलं तर वेग वाढवण्याऐवजी थांबा, उतरा आणि सायकल त्याच्या-आपल्या मधे धरा. बहुतेक वेळा त्याचा रस तिथंच संपतो. आपेगावला बंधाऱ्यामुळं नदीत पाणी दिसतं. कालव्याच्या कडेनं जाणारी वाट छान दिसते, पण ती रोड बाईकची नाही.

कायगाव टोके

नाथसागराचं दुसरं टोक बघायचं तर शहरातून अहिल्यानगर रस्त्यानं कायगाव. साधारण पंचेचाळीस किलोमीटर. वाळूजपर्यंतची कारखान्यांची रहदारी नवख्याच्या नशिबी येऊ नये अशी आहे, त्यामुळं रविवारी, आणि तेही उजाडताच निघा. इथं गोदावरी आणि प्रवरा मिळतात, आणि धरणाचं फुगलेलं पाणी इथवर येतं. पुलापलीकडं टोक्याला पेशवाईतलं सिद्धेश्वराचं मंदिर आहे, कोरीवकामासाठी मुद्दाम थांबण्याजोगं. पुलावर मात्र थांबू नका. फोटोसाठी कठड्याला सायकल टेकवून उभे राहणारे मी बघतो, आणि मागून येणारा कंटेनरही बघतो. फोटो घाटावरून चांगला येतो.

पावसाळ्यात जाताना या रस्त्यावर वारा तोंडावर असतो. तो इथं तुमच्या फायद्याचा. दमायचं ते जाताना दमून घ्या, येताना वारा घरी आणून सोडतो.

इतर जिल्ह्यांतल्यांसाठी थोडक्यात

नांदेडकरांना गोदावरी दारातच आहे. नंदगिरीचा किल्ला आणि विष्णुपुरीचा जलाशय हा सकाळचा फेरा, आणि दम वाढला की राष्ट्रकूटांच्या काळापासूनचा, खंदकात पाणी असलेला कंधारचा किल्ला. गेवराईकडच्या मंडळींनी गोदाकाठचं राक्षसभुवन करावं. १७६३ मध्ये माधवराव पेशव्यांनी निजामाला हरवलं ते इथंच.

धाराशिवकरांचा नळदुर्ग तर पाण्यातलाच किल्ला. तुळजापूरहून तीस-पस्तीस किलोमीटर. बोरी नदीवर बांध घालून त्याच्या पोटात आदिलशाहीत पाणीमहाल बांधला, आणि नदी भरून वाहू लागली की पाणी नर-मादी धबधब्यांच्या रूपानं त्यावरून कोसळतं. शेवटचा टप्पा सोलापूर-हैदराबाद महामार्गाचा आहे, डावी कड सोडू नका. आणि निघण्याआधी नळदुर्गातल्या कुणाला तरी फोन करून बोरीला पाणी आहे का ते विचारून घ्या. नाहीतर माझ्या त्या मे महिन्यासारखं व्हायचं.